बिसराम मामाच्या मरणाची खबर

"मालक गेले," सुकराम म्हणाला, आणि चुन्नीलालच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की नागपूरहून मंजुरी आली असेल का.

तो प्रश्न त्याने स्वतःच ऐकला, भिंतीपलीकडच्या भाडेकरूचं बोलणं कानावर यावं तसा. हातात वस्तरा होता. उजवा गाल करून झाला होता, डाव्यावर साबण होता. सुकराम हा मामाचा सालदार. बिरसीहून गोंदियापर्यंत तो पायी आला होता आणि आता उंबऱ्याबाहेर उभा होता. आत ये म्हटलं तरी येत नव्हता, पाणी देऊ केलं ते घेत नव्हता. "खळ्यावर बसले होते. बसल्या बसल्या मान टाकली. मामीनं सांगतलं, चुन्नीभाऊले पयले सांग." चुलीपाशी प्रेमिलाने हे ऐकलं आणि तिथेच गळा काढला, बायकोचं रडणं इतकं तयार कसं असतं, असंही चुन्नीलालच्या मनात येऊन गेलं. त्याने पंच्याने साबण पुसला. दुखवट्यात वस्तरा चालवत नाहीत, म्हणून डावा गाल तसाच राहिला. मग त्याने सायकल काढली. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे बिरसीचा रस्ता जातो आणि उजवीकडे बाजार. बाजारात केशोरावांचं घर होतं. तो उजवीकडे वळला. वळताना त्याला वाटलं, आपण नाही, चाकच वळलं.

मागच्या दिवाळीपासून तो विम्याचा एजंट होऊ पाहत होता. विडी कारखान्यातली हजेरीची कारकुनी सुटली होती. गावाकडे मोठा भाऊ शेती पाहत होता. चुन्नीलाल मॅट्रिक झाला तेव्हाच न बोलता वाटणी झाली होती: धानाच्या बांध्या भावाच्या, गोंदिया शहर याचं. परत गेला असता तर भावाने ये म्हटलं असतं, ताटही वाढलं असतं, आणि त्या ताटाचीच त्याला भीती वाटायची. एजंटाला सरकारचं लायसन लागतं. त्याचा अर्ज कंपनीमार्फत जातो, आणि कंपनी म्हणजे गोंदियापुरते केशोराव, नागपूरहून आलेले इन्स्पेक्टर. त्यांचा एक नियम होता. "दोन माणसं आणून दाखव, मग मी तुझ्या अर्जावर सही करतो. सरकार शिक्का मारते, माणूस मी पारखतो." लायसन नसताना विमा विकणं गुन्हा आहे, हे कलमही त्यांनीच त्याला वाचून दाखवलं होतं, तेव्हा ती दोन माणसं कागदोपत्री केशोरावांच्या नावावर जाणार होती. सोमवारी नागपूरचे साहेब डाक बंगल्यावर उतरणार होते. तोवर दुसरा माणूस मिळाला नाही तर अर्ज पुढच्या वर्षावर गेला, म्हणजे चुन्नीलाल गावाला गेला. पहिला माणूस बिसराम मामा होता. दुसरा मिळत नव्हता.

मिळत नव्हता, कारण ते वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं. केशोराव त्याला समोर बसवून म्हणवून घेत: बोल, पटेलजी, उद्या तुम्ही मेलात तर बायकोने कोणाच्या दारात उभं राहायचं? चुन्नीलाल 'उद्या तुम्ही' पर्यंत येई आणि त्याचा घसा बसे. जिवंत माणसासमोर बसून, त्याच्या घरचं पाणी पिऊन, त्याच्या मरणाचं नाव घ्यायचं. तो 'काही कमीजास्त झालं तर' म्हणे, 'देव न करो' म्हणे, आणि समोरचा माणूस बिडी विझवून उठे. कामठ्याच्या एका घरी तर तो अंगणातून बाहेर पडला नव्हता तोच म्हातारीने त्याची बसायची जागा शेणाने सारवायला घेतली; मढं उचलल्यावर सारवतात तशी. मामाला मात्र काही सांगावंच लागलं नव्हतं. "म्हंजे मी मेलो तं मामीले भेटन, असंच न? मंग आन कागद. कायले एवढा घाम पुसून राहिला?" आपल्या मरणाचं वाक्य मामाने स्वतःच बोलून टाकलं होतं, आणि वर डॉक्टरसमोर बंडी काढून छाती ठोकून दाखवली होती. ते कागद मंजुरीसाठी नागपूरला गेले होते.

केशोराव ओसरीवर पेपर वाचत होते. "काय रे रहांगडाले, अर्धीच दाढी? साबण संपला का?"

"मामा गेला."

"कौन, अपना बिसराम?" केशोरावांनी पेपर खाली ठेवला. "राम राम राम. डॉक्टरने तर लिहून दिलं होतं, बैल आहे म्हणून." ते थोडा वेळ गप्प बसले. अशा वेळी माणूस ज्यासाठी गप्प बसतो त्यासाठीच ते गप्प होते, आणि चुन्नीलालला ते कळत होतं, तरी त्याने विचारलंच.

"मंजुरी आली का?"

केशोरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "नाही आली. मंजुरीच्या आधी माणूस गेला की कंपनी हप्ता वापस करते अन् हात जोडते. थोडा थांबला असता न तुझा मामा! पहिलाच क्लेम, तोही सख्ख्या मामाचा. या पट्ट्यात तुझ्या दारी लाइन लागली असती, बाप्पा. नसीब."

चुन्नीलालने मान हलवली.

"एक गोष्ट मात्र खरी," केशोराव म्हणाले, "आज पहिल्यांदा तू एजंटासारखा बोललास. जा आता. घरी मयत आहे."

गावाबाहेर पडेपर्यंत त्याला ती हललेली मान जाणवत राहिली, मानेत लचक भरल्यासारखी. त्याने मान का हलवली? ऐकलं, एवढंच सांगायला? की थांबला असता तर बरं झालं असतं, याला? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये नुसती खुंटं उभी होती आणि ठिकठिकाणी पुंजणे रचलेले होते. सुकं गवत आणि धुरळ्याचा वास नाकात जात होता. हा वास मामाच्या बंडीला कायम असायचा. आई गेली तेव्हा तो लहान होता आणि अंगणात पेरू खात होता. पेरूची एक बी दाताच्या फटीत अडकली होती आणि तो जिभेने ती काढू पाहत होता, तेव्हा आतून रडणं सुरू झालं. बाया त्याच्याकडे पाहून कुजबुजू लागल्या, "पोट्टा रडत नाई वं." त्याला ऐकू आलं. रडावं असंही वाटलं, पण बी निघत नव्हती आणि सगळं ध्यान तिकडे होतं. मग मामा आला, त्याने चुन्नीलालचं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं आणि दुपारभर तसंच धरून ठेवलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, पोर मामाच्या कुशीत रडतंय. आत अंधार होता, घामाचा नि बिडीचा वास होता, आणि त्याचे डोळे कोरडे उघडे होते. मामाला ते कळलं होतं. बंडी भिजली नव्हती, कळणारच. मामाने ते पुढे आयुष्यात कधी काढलं नाही. त्या मामासाठी आता सायकल मारताना चुन्नीलाल रडायचा प्रयत्न करू लागला. त्याने मामाचे हात आठवले, बोडीत पोहायला शिकवताना पोटाखाली धरलेले. त्याने मामाची हाक आठवली. वाऱ्याने एका डोळ्याला पाणी आलं. ते रडणं धरायचं की नाही, याचा तो विचार करू लागला आणि ते पाणी वाळून गेलं.

लढाईच्या दिवसांत गोऱ्यांनी बिरसीला विमानांसाठी डांबरी पट्टी बांधली होती. आता तिच्यावर गाई बसत आणि कडेला कोणी धान वाळत घाली. गावात शिरायला ती जवळची वाट. पट्टीच्या मध्यावरून मामाचं घर दिसू लागलं आणि चुन्नीलालने पाय थांबवले. सायकल आपसूक जात राहिली. अंगणात माणसं नव्हती. बांबू तोडायला कोणी निघालेलं नव्हतं. समोरून ओळखीचा एक माणूस बैल घेऊन आला आणि "काऊन गा, आज इकडं?" म्हणून निघून गेला. सुकराम उंबऱ्याच्या आत का आला नाही, पाणी का घेतलं नाही, नजर का चुकवत होता, हे सगळं एकदम एका जागी आलं. कावळा. कावळा माणसाच्या डोक्यावर बसला तर त्याच्या मरणाची खोटी खबर सोयऱ्याला धाडायची, ही या मुलखातली जुनी चाल. सोयरा खरंच रडला म्हणजे मरण फिटतं. रडून झालं की त्याला खरं सांगायचं आणि गूळ द्यायचा. आणि सोयऱ्यांत भाचा सगळ्यांच्या वर. मामाने ज्याच्या पाया पडायचं तो भाचा. शहरात राहून चुन्नीलाल हे विसरला नव्हता. पण त्याला ते आठवायला जागाच उरली नव्हती, तिथे मंजुरी येऊन बसली होती. मामा जिवंत होता. त्याने आनंदाची वाट पाहिली. आनंद आला, पण मागून आला. त्याच्या आधी भीती आली, की आता ते विचारतील.

मामा खळ्यावर बाजेवर बसला होता, डोक्याला पंचा गुंडाळून, पितळी गिलासात चहा घेऊन. मामी पुंजण्याच्या सावलीत उभी होती. सुकराम चुन्नीलालच्या आधीच येऊन पोचला होता आणि मान खाली घालून पेंढ्या सारख्या करत होता. पायी गेलेला माणूस वाटेत भेटलेल्या ट्रकवर बसून परत आला होता, सायकलच्या आधी.

"या भाचेबापू!" मामा ओरडला. "मेलेल्या मामाले पाहाले आले का? बसा. च्या घ्या." उठून त्याने चालीप्रमाणे चुन्नीलालच्या पायाला हात लावला. हसत होता, पण हसणं तोंडातच होतं, डोळे चुन्नीलालच्या डोळ्यांत काहीतरी शोधत होते.

धनवंतामामी हसली नाही. "रडला न बाबा?"

"रडलो, मामी."

"घरी का रस्त्यानं?"

"रस्त्यानं."

"कोनत्या रस्त्यानं?" मामीचा आवाज चढलेला नव्हता. "सुकरामनं गल्लीच्या कोपऱ्यावरून पाहलं. तू बाजाराकडं गेला."

पेंढ्यांची खसखस थांबली. काहीही सांगता आलं असतं. कपडा आणायला गेलो होतो, म्हणता आलं असतं. पण मामीचं तोंड असं होतं की जणू त्याने खोटं बोलावं म्हणून ती थांबली आहे, म्हणजे आणखी एक खोटं मोजता येईल.

"केशोरावांकडे गेलो होतो."

"कायले?" मामाने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं. "हां. बिम्याचं इचाराले. मंग? काय म्हने तो? भेटते का काई?"

"मंजुरी आली नाही अजून."

"म्हंजे मी फुकटच मेलो असतो!" मामा मोठ्याने हसला. एकटाच हसला. हसू संपल्यावर त्याचा हात पंच्याकडे गेला आणि त्याने डोक्यावरची एक जागा चाचपली, हळूच, गळू चाचपावं तशी.

"प्रेमिला रडली," चुन्नीलाल म्हणाला.

"ते परक्या घरचं पानी. रक्ताचं पाह्यजे." मामी जवळ आली. "खोट्यानं फिटत नाई बाबा. कावळा डोकस्यावर बसला, म्या माह्या डोयानं पाहला. पाय रोवून बसला. आता तुयं रडनं वाया गेलं, तं दुलारीकडं जा. तूच जा. तिच्या मांडीवर लेकरू आहे म्हून मी तिले खबर नव्हती धाडत. असं सांग का ती रडली पाह्यजे. पानी जमिनीवर पडू दे, मंग सांग खोटं आहे म्हून."

"राहू दे न व," मामा म्हणाला. "पोरीचं दूध आटन."

"अन् बाप आटला तं?"

चुन्नीलालने त्याच्याकडे पाहिलं: आता हसून उडवेल, पोरीला कशाला रडवता म्हणेल, उठून बैल पाहायला जाईल. मामाने चहाच्या गिलासात पाहिलं. छाती ठोकणाऱ्या त्या माणसाला जगायचं होतं, आणि ते त्याला भाच्यासमोर लपवता येत नव्हतं. चुन्नीलालने नजर वळवली. मामाला उघडं पाहिल्यासारखं झालं होतं.

दुलारीचं सासर आमगावच्या अलीकडे. ऊन कललं होतं. मागच्या चाकात हवा कमी होती आणि प्रत्येक दगड पाठीत कळत होता. तो वाक्य घोळत होता. मामा वारला. मामा आपल्याला सोडून गेला. मामाचं बरंवाईट झालं. ही सगळी त्याने बाद केली. रडू यायचं तर मधे पडदा नको. केशोराव नेमकं हेच सांगत होते, आणि ते या कामाला उपयोगी पडावं याची त्याला शिसारी आली; तरी पाय पायडलवर पडतच होते. दुलारी त्याच्यापेक्षा लहान. मामाच्या घरी तो शिकायला होता तेव्हा ती त्याच्या पाटीवर थुंकून पुसायची. तिला खोटं सांगायला नको. सरळ खरं सांगावं, ती आपोआप काळजीने रडेल. पण काळजीचं पाणी चालतं का? ते मामीला विचारायचं राहिलं होतं. आणि नाही चाललं, आणि मामाला खरंच काही झालं, तर? त्याचा यावर विश्वास नव्हता. विश्वास नसलेली भीती विश्वास असलेल्या भीतीपेक्षा बारीक असते; ती कुठूनही आत शिरते.

दुलारी मागच्या पडवीत चुलीसमोर बसली होती. चुलीवर भाताचं भांडं होतं आणि लेकरू शेजारी गोधडीवर पाय झाडत होतं. "अरे भाऊ!" ती म्हणाली. "हे अर्धी दाढी कायची? वहिनीनं हाकलून देल्लं का?"

"दुलारी, मामा मेला," चुन्नीलाल म्हणाला.

घसा बसला नाही. वाक्य निघालं आणि त्याच्यासमोर उभं राहिलं, कोरीव, कुठेही न तुटलेलं. दुलारीने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने पदराने भांडं धरून चुलीवरून उतरवलं. त्यावर झाकण ठेवलं. जळतं लाकूड बाहेर ओढून राखेत दाबलं. हात पुसले. हे सगळं करून ती खाली बसली आणि तेव्हा तिच्या छातीतून आवाज निघाला.

आधी भांडं, चुन्नीलालच्या मनात आलं. हिनेही आधी भांडं उतरवलं. सकाळपासून छातीवर बसलेलं काहीतरी हललं आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो भिंतीला टेकला. मग त्याच्या लक्षात आलं, की ती समोर रडते आहे आणि तो आपलं हलकं होणं पाहतो आहे. दुलारीने लेकराला उचलून छातीशी धरलं होतं. आसवं लेकराच्या टाळूवर पडत होती, तिच्या मनगटावर पडत होती. जमिनीवर पडत नव्हती. मामीने जमीन सांगितली होती. आत्ता सांगून टाकावं, तोंड उघडावं. पण तो थांबला. तो दुलारीच्या हनुवटीकडे पाहत थांबला.

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला आणि दुलारीचा नवरा शालीकराम धावत आत आला. रडणं त्याने वेशीवरूनच ऐकलं होतं. "काय झालं? कोन?"

"मामा. सकाळी. खळ्यावर." दुसऱ्यांदा सांगणं आणखी सोपं गेलं.

शालीकराम मटकन बसला. चांगला माणूस, सासऱ्यावर जीव होता त्याचा. त्याने तोंडावरून हात फिरवला, बायकोकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात चुन्नीलालला म्हणाला, "त्यायनं बिमा काढला होता न तुमच्यापाशी? तो आता मामीले भेटन का हिले?"

दुलारीचं रडणं मधेच तुटलं. तिने तोंड वर केलं. हनुवटीवर थांबलेला थेंब सारवलेल्या भुईवर पडला आणि तिथे काळा ठिपका झाला.

"खोटं आहे," चुन्नीलाल घाईने म्हणाला. "मामा बरा आहे. बसून चहा पिऊन राहिला. कावळा बसला डोक्यावर, म्हणून मामीने धाडलं मला."

दुलारीने हाताशी आलेला पळा त्याच्या अंगावर फेकला. "तुया तोंडाले आग लागो! मेल्या, असं सांगतेत का?" ती हसत होती आणि रडत होती, लेकरू भेदरून ओरडत होतं, आणि शालीकरामही मोठमोठ्याने हसू लागला, "लय दिवस जगते बुढा आता, लय दिवस." दुलारीने लेकराला पदराखाली घेतलं. दूध येत होतं. लेकरू चुकचुक करत गप्प झालं. मग तिने भाऊ म्हणून चुन्नीलालपुढे गूळ ठेवला, पाणी ठेवलं. नवऱ्यापुढे काही ठेवलं नाही. शालीकराम पुन्हा एकदा म्हणाला, लय दिवस जगते. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. तिचा बाप परत आला होता. शालीकरामने विचारलेलं मात्र परत घेता येत नव्हतं. चुन्नीलालला ते ओळखीचं होतं. सकाळपासून तो त्याच जागी उभा होता.

तो निघाला तसा शालीकराम गोठ्यापर्यंत सोबत आला. बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मी तं सहज इचारलं गा. तिले वाटलं, मी लालची आहे."

"नाही वाटणार."

"वाटलं. तुमी पाहलं न तिचं तोंड." त्याने बैलाच्या पाठीवरची काडी काढून टाकली. "माया बी बिमा उतरवून टाका. माया उतरवला तं पैसा तिलेच भेटन न? मंग तिले समजन."

चुन्नीलालने काहीच म्हटलं नव्हतं. वाक्य नाही, बायको कोणाच्या दारात उभी राहील नाही, काही नाही. सोमवार होता, साहेब होते, केशोरावांची सही होती, आणि हा माणूस आपणहून मान पुढे करून उभा होता. नको म्हणावं, असं त्याला वाटलं. आज नको, पुन्हा येईन. पण पुन्हा आलो तर याला हे वाटत असेल का? पिशवी सायकलच्या दांड्याला होती. गावोगाव फिरताना कोरे फॉर्म नेहमी तिच्यात असत. आज मयतीला येतानाही होते. दोघे अंगणात परत आले तेव्हा दुलारी लेकरू खांद्यावर टाकून दारात उभी होती. तिने पिशवीकडे पाहिलं आणि तिला सांगावं लागलं नाही.

"उतरव भाऊ याचा," ती म्हणाली. "पन हा मेला तं खबर घेऊन तू येऊ नोको. दुसऱ्या कोनाले धाड. तू लय बेस सांगते."

ती आत गेली. आत चुलीत लाकूड पुन्हा सारल्याचा आवाज आला. चुन्नीलाल बाजेवर बसला, मांडीवर कागद पसरला आणि पेनाचं टोपण काढलं. शालीकरामचं नाव त्याला ठाऊक होतं. तरी फॉर्मातला पहिला प्रश्न म्हणून त्याने ते विचारलं, आणि शालीकरामने घसा साफ करून, कोर्टात सांगावं तसं, बापाच्या नावासकट सांगितलं.